मधुताईने न चढलेले मजले

सौदीत, जुबैलला आले तेव्हा मला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. श्रीवर्धनला आमच्या घरात पत्त्यांना हात लावायची बंदी होती. अब्बांच्या मते बावन्न पत्ते म्हणजे बावन्न शैतान. मला बिघडवलं ते मधुताईने. ती समोरच्या दारात राहायची. मी नवी, घरात करमत नव्हतं, म्हणून तिने एका दुपारी चहाला बोलावलं आणि चहा निवायच्या आत माझ्या हातात तेरा पानं कोंबली. मी आधी पानं धरायला शिकले, मग लपवायला, मग जिंकायला. जिंकायला मात्र फार वर्षं लागली, कारण समोर ती असायची.

मधुमती तिचं नाव, माहेर नाशिकचं. नवरा चारुदत्त, एका पेट्रोकेमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनियर. आमचे हुसेनमियाँ कंत्राटदारांना सेफ्टी बूट नि कव्हरऑल पुरवायचे, त्यामुळे या दोघांचं बोलणं प्लांटवरून सुरू होऊन प्लांटवरच संपायचं. चारुभाऊंची एक गोष्ट तर मला तोंडपाठ होती. एका ऑपरेटरने सारखा वाजणारा अलार्म कंटाळून बायपासला टाकला, म्हणजे त्याचं वाजणंच बंद केलं, आणि चारुभाऊंनी त्याची तक्रार पार वरपर्यंत नेली. "अलार्म गप्प केला म्हणून पाइप थंड होतो का?" असं ते दर वेळी विचारायचे आणि आम्ही दर वेळी मान हलवायचो.

आम्ही बायका दुपारी जमायचो. कंपनीच्या बसेस पुरुषांना घेऊन गेलेल्या, पोरं शाळेत, बाहेर ऊन असं की गाडीखालचं मांजरसुद्धा हलायचं नाही. अशा वेळी मधुताईच्या हॉलमध्ये चटई पडायची आणि मेंढीकोट नाहीतर रमी सुरू व्हायची. तिथे कायदा एकच, कुणी कुणावर दया करायची नाही. एकदा नूपुर नावाची नवीन लग्न झालेली मुलगी आमच्यात आली होती. मधुताईचा वाढदिवस होता, म्हणून त्या पोरीने मुद्दाम हुकमाचा एक्का दाबून ठेवला आणि तिला जिंकू दिलं. पण ते उघडकीला आलंच. मधुताईने पत्ते गोळा केले, पिसले आणि पुन्हा वाटायला लावले. त्या डावात ती सडकून हरली, आणि मग मजेत सगळ्यांना श्रीखंड वाढायला उठली. नूपुरला मी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की या बाईला वाटल्यास शिव्या दे, पण डाव सोडू नकोस.

पुढे एकेक घर रिकामं होत गेलं. कुणाचं कंत्राट संपलं, कुणाची मुलं कॉलेजसाठी इंडियाला गेली, नूपुरही गेली. चटईवर आम्ही दोघीच उरलो, आणि दोघींत मेंढीकोट होत नाही. मधुताईची मुलगी तन्वी बंगलोरला नोकरी करते. ती सुट्टीत आली तेव्हा आईचं उतरलेलं तोंड बघून तिने टॅबवर एक गेम टाकून दिला. मला वाटलं होतं, मधुताई दोन दिवसांत तो फेकून देईल. पण ती त्यात अशी घुसली की माझ्या चहाकडेही तिचं लक्ष जाईना.

गेम असा होता. पडद्यावर फरशा रचलेल्या असायच्या, एकीवर एक, आणि प्रत्येक फरशीवर काहीतरी चित्र, मासा, कंदील, पेरू. सारख्या तीन फरशा शोधून बोट लावलं की त्या नाहीशा व्हायच्या. इथवर कुणीही करील. पण त्यांच्याखालून एक पत्ता निघायचा आणि तो तुमच्या हातात यायचा. हातात थोडेच पत्ते मावायचे. त्यांचा रमीसारखा क्रम लागला, म्हणजे समजा चौकटची पंजी, छक्की, सत्ती, की ते उतरायचे आणि हात मोकळा व्हायचा. क्रम लागायच्या आधी हात भरला तर डाव गेला. कुठल्या फरशीखाली कुठला पत्ता आहे हे सुरुवातीला फक्त क्षणभर दिसायचं, मग सगळं डोक्यात धरून ठेवायचं. मधुताई म्हणायची, निम्मा पोरखेळ आणि निम्मी रमी. गेममधल्या लेव्हलला ती मजला म्हणायची. दिवसाला एक मजला, जेवणानंतर, चहाबरोबर. सुटला की "खलास" म्हणून टॅब पालथा ठेवायची. अडलं की गेम मदत देऊ करायचा, कोपऱ्यात एक पिवळा दिवा लुकलुकायचा. त्या दिव्याला तिने कधी बोट लावलं नाही.

मला वाटायचं, हौस आहे. ती नुसती हौस नव्हती, हे तिने एका दुपारी खेळता खेळता सांगितलं. तिच्या आईला विसरण्याचा आजार झाला होता. घरातल्या कुणी आईला तसं कधी सांगितलं नाही. आई काहीही बोलली तरी सगळे हो ला हो करत राहिले, तिच्या मागे खाणाखुणा करत राहिले. मग आईला न विचारता एक बाई ठेवली. ती बाई आईला न्हाणीघराचं दार सताड उघडं टाकून अंघोळ घालायची, आणि आई, जी आयुष्यभर पदर ढळू न देता वावरली, ती दाराकडे पाठ करायची धडपड करायची. हे सांगताना मधुताईने टॅब बाजूला ठेवला होता.

"आईला कुणी विचारलं नाही, शरफू. मला विचारायचं," ती म्हणाली. "ज्या दिवशी मला हे जमेनासं होईल त्या दिवशी मला कळलं पाहिजे. मग इथे राहायचं की नाशिकला बहिणीकडे जायचं, मला अंघोळ कोण घालणार, ते मी ठरवणार. तन्वीला मी माझ्या तोंडाने सांगणार. चारूकडून मी शब्द घेतलाय."

सुट्टीचा शुक्रवार होता, चारुभाऊ तिथेच सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरमागूनच हो म्हटलं. डॉक्टरला कळायच्या आधी मला इथे कळेल, असं म्हणून तिने टॅबवर बोट आपटलं आणि पुढच्या फरशीला हात घातला. मला तेव्हा ते बोलणं जरा अतीच वाटलं होतं. चांगली ठणठणीत बाई, आणि न आलेल्या पाहुण्यासाठी पाट मांडून बसली होती.

पण तो पाहुणा आला. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं. मग एकदा समुद्रकाठच्या रस्त्यावर, जिथे आम्ही रोज संध्याकाळी चालायला जायचो, ती मला म्हणाली की आज हा नवा रस्ता बरा आहे. मी तो विषय हसण्यावारी नेला, ती मात्र हसली नाही. आणि मग ती एका मजल्यावर अडली. आठवडा गेला, दुसरा लागला, मजला सुटेना. शेवटी एक दिवस तिने टॅब पालथा न ठेवता तसाच मांडीवर धरला आणि चारुभाऊंना शांतपणे सांगितलं की बहुतेक सुरू झालंय, डॉक्टरची वेळ घ्या. मी तिथे होते. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. चारुभाऊंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

डॉक्टरची वेळ घेतली गेली. आणि त्याच्या आदल्या सकाळी मधुताई माझ्या दारात उभी, हातात सांज्याची ताटली, डोळ्यांत पाणी. मजला सुटला होता. तिने सकाळी टॅब उघडला तर पुढचा मजला आलेला. काल झोपायच्या आधी बहुतेक सुटला, मला नीटसं आठवत नाही, पण सुटलाय खरा, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी तिला मिठी मारली. चारुभाऊंनी डॉक्टरची वेळ रद्द केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत श्रीवर्धनला माझ्या सासूबाई पडल्या, आणि त्यांचं करायला मला जावं लागलं. तिकडचा मुक्काम लांबत गेला. फोनवर मधुताई मला रोज कितव्या मजल्यावर आहे ते सांगायची, आणि आकडा वाढतच होता. बाकी बोलणं मात्र कमी होत चाललं होतं. मीच बोलायची, ती हं हं करायची. मला वाटलं, फोनवर असंच होतं.

सासूबाई गेल्या आणि चाळिसावं झाल्यावर मी परत आले. बॅग घरात ठेवून तशीच समोर गेले. मधुताई सोफ्यावर बसली होती, केस विंचरलेले, साडी नीट, पण मी आत आले तेव्हा तिने मला पाव्हण्यांना म्हणतात तसं "या" म्हटलं. मग नाव आठवलं, मग हात धरला. मांडीवर टॅब होता. मजल्याचा आकडा एवढा वर गेलेला की मी तोंडात बोट घातलं. म्हटलं, एवढी वर चढलीस तर मला एक डाव दाखव. ती फरशांकडे बघत राहिली. बोट पुढे न्यायची आणि मागे घ्यायची. मग मलाच म्हणाली, "दुपारी हे मला येत नाही गं. पण सकाळी झालेलं असतं."

मी कपाटातून तिचे पत्ते काढले. चटई टाकली, दोघींची साधी रमी वाटली, आणि तिने पानं उचलली. तोंडं माझ्याकडे करून. सगळी पानं मला दिसत होती, बदामची राणी, किलवरची नव्वी, सगळी, आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत विचार करत होती. ज्या बाईने मला पत्ता लपवायला शिकवला, ती माझ्यासमोर उघडी बसली होती. मी हळूच तिची पानं फिरवून दिली. तिने थॅंक्यू म्हटलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. हा आकडा चढवणारं कोण, हे विचारायला ज्योतिषी लागत नव्हता. चारुभाऊ ड्युटीवरून आले तेव्हा मी त्यांना आमच्या घरात बोलावलं, हुसेनमियाँना बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. बूट काढायचेही विसरले होते, तसेच खुर्चीवर बसले.

आधी एकच मजला सोडवायचा होता, ते म्हणाले. फक्त त्या दिवसापुरतं तिचं मन राखायचं म्हणून. ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी टॅब उघडला, पिवळा दिवा पेटवला, मजला सोडवला. पण पुढचा मजला त्याहून अवघड आला. तोही तिला जमला नाही, म्हणून तोही त्यांनीच सोडवला. मग ते रोजचंच झालं. रोज दुपारी ती हरायची आणि रोज सकाळी जिंकलेली असायची.

"गेम मागे जात नाही, भाभी," ते म्हणाले. "तिला जमले असते असे मजले मीच तिच्याआधी संपवून टाकले. आता जे आहेत ते मलाच धड जमत नाहीत."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. मी विचारलं की प्लांटमधला अलार्म गप्प करणाऱ्याची तक्रार केलीत, आणि घरातला अलार्म कोणी बायपासला टाकला? हुसेनमियाँनी मला डोळ्यांनी दटावलं. मी थांबले नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे शाळेतल्या पोराला कळतं, तुम्हाला कळलं नाही का, असंही विचारलं. चारुभाऊ वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. मग जे बोलले ते खरं होतं, आणि ते ऐकून माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

"तिला कळलं असतं तर ती गेली असती. नाशिकला, बहिणीकडे. तिने सगळं ठरवलं होतं, तुम्हाला माहीत आहे. माझी नोकरी इथे. मला या घरात एकट्याला राहता येत नाही, भाभी. मी वाचवत होतो ते तिला नाही."

पुढच्या आठवड्यात दम्मामच्या डॉक्टरला दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार बराच पुढे गेलाय, आणि लवकर आला असता तरी तो थांबला असता असं नाही. चारुभाऊंनी हे वाक्य बुडत्याने काडी धरावी तसं धरलं. परत येताना गाडीत दोनतीनदा म्हणाले, म्हणजे तसा काही फरक पडला नसता. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, रोगाचं कोण बोलतंय? तिच्या हातात काही महिने होते, तेवढ्यात तिला स्वतःचं ठरवायचं होतं. ते महिने रोगाने नाही खाल्ले. मधुताई पुढच्या सीटवर बसून वाळवंटातले पाइप बघत होती. तिला विचारलं, थांबायचं का, काही हवंय का, तर म्हणाली, तुमची घाई असेल तर नको.

तन्वीला फोनवर सांगितलं ते चारुभाऊंनी. पोरगी रडली आणि मग संतापली, आईने मला का नाही सांगितलं म्हणून. या प्रश्नाचं खरं उत्तर चारुभाऊंजवळ होतं. त्यांनी ते दिलं नाही, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच माझ्याकडे येऊन म्हणाले की आता मधूला सांगणार. सगळं, पहिल्या मजल्यापासून. तिला दिलेला शब्द मोडलाय, तेवढं तरी तिच्यासमोर कबूल करायचंय. पण एकट्याची हिंमत होत नाही, तुम्ही दोघं येऊन बसा.

आम्ही दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर गेलो. मधुताईचा दिवस बरा होता. मला तिने नावाने हाक मारली, बसायला सांगितलं, चहाचं विचारलं. माझ्या मनात उगाचच आशा आली की आज ती ऐकेल, चिडेल, चारुभाऊंना चार शब्द सुनावेल, आणि मग उरलं असेल तेवढं आपल्या हाताने ठरवेल. मला ती चिडायला हवी होती. चारुभाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसले. त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. आईचा आजार, दिलेला शब्द, अडलेला मजला, रद्द केलेला डॉक्टर, रोज सकाळचा टॅब. काही लपवलं नाही, एकटं राहायची भीतीसुद्धा नाही. सांगताना ते रडत होते आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसत होते.

मधुताई एकटक ऐकत होती. मधेच मान हलवत होती. पत्ते खेळताना असायची तीच नजर, समोरच्याच्या हातात काय आहे ते बघणारी. चारुभाऊ थांबले तेव्हा ती थोडी पुढे सरकली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"फार चुकलात तुम्ही," ती म्हणाली. "पण सांगायला आलात ते बरं केलंत. हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. बायकोला. अजून वेळ गेलेली नाही."

हुसेनमियाँ खिडकीकडे वळले. चारुभाऊंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तो तिने परक्याच्या हातातून काढावा तसा, राग न आणता, हळूच काढून घेतला.

"कुठे असते ती?" तिने विचारलं.

"इथेच असते," चारुभाऊ म्हणाले.

"मग इथे काय बसलात? जा. ती वाट बघत असेल."

चारुभाऊ उठले. ते कुठे जाणार होते? तरी उठले, दार उघडलं, बाहेर गेले, आणि तिला आवाज जाऊ नये म्हणून हळूच दार ओढून घेतलं. मधुताई माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, त्यांनी चहा घेतला का?